लिसांद्रोचं रक्त आणि माझी नाताळची लढत

३ नोव्हेंबर, सकाळ
आरोग्य केंद्राचा रोमुलो आला. काडीपैलवान. म्हणाला, दादा, लहान पोरांचं रक्त तपासतोय, तुमचं दीड वर्षाचं झालं ना? टोचू दिलं. बोटातून रक्त आलं तरी लिसांद्रोनं हूं की चूं केलं नाही. म्हटलं, बघ, माझा मुलगा! रोमुलो म्हणाला, दादा, रडायलाही अंगात जोर नाही त्याच्या.
मशीनवर हिमोग्लोबिनचा आकडा अकरा पॉइंट दोन. अकरात फुटबॉलची टीम होते, पुरे की! तर म्हणे एवढ्या उंच डोंगरावर जास्त लागतं. इथल्या हिशेबानं साडेआठच. लोह कमी. आत्ता भरून काढलं नाही तर चालणं, बोलणं, डोकं, सगळंच मागं पडेल.
माझ्या पोराचं डोकं! कानाखाली वाजवली. चष्मा कोंबड्यांत पडला. लोहाच्या थेंबांची बाटली उकिरड्यावर भिरकावली. संयम पाळला, लाथ घातली नाही.

त्याच दिवशी, दुपार
बायको म्हणते, दोन लाथा घातल्या. फोर्तुनाताला वाढवून सांगायची सवयच आहे.

५ नोव्हेंबर
नीट विचार केला. लिसांद्रो चालत नाही, कारण त्याला घाई नाही. बोलत नाही, कारण विचार करतो. भिंतीची माती चाटतो म्हणजे जमिनीची ओढ, जमीनदार होणार. दिवसभर पेंगतो. मोठी माणसं पेंगतातच.

९ नोव्हेंबर
मेंढी कापली. कलेजी फोर्तुनातानं पोरासाठी बाजूला काढली होती. रोमुलोनंच बायकोच्या डोक्यात भरवलंय. मी खाल्ली. बापाच्या अंगात जोर असला की पोराच्या अंगात येतोच. फोर्तुनातानं पळीनं तीनदा हाणलं. पळी वाकली, मी नाही.

२८ नोव्हेंबर
घात झाला! पोराची शी डांबरासारखी काळी. सुईचं विष! फोर्तुनाता म्हणाली, असेल बाई काहीतरी, आणि चुलीकडे तोंड फिरवलं. घाबरली बिचारी.
तडक बाजारात गेलो. रोमुलोला बटाट्यांच्या पोत्यांवर आडवा केला. सगळ्यांदेखत ठणकावलं, पोराची शी काळी केलीस, पंचवीस डिसेंबरला रिंगणात ये! (वर्षभराची भांडणं आम्ही नाताळच्या दिवशी लाथाबुक्क्यांनी मिटवतो. सभ्य गाव आहे.) तो ओठावरचं रक्त पुसत विचारतो, शी काळी म्हणजे कितपत काळी? सांगितलं. हलकट हसला! म्हणाला, वा, छान. येतो दादा. पण मी जिंकलो तर पोराला परत तपासायला आणायचं.
शब्द दिला. द्यायला काय जातंय?

१२ डिसेंबर
ट्रेनिंग सुरू. घोडे वठणीवर आणायचा धंदा माझा, अंग मुळातच तयार. आज तांबड्या घोड्यानं बरगडीत लाथ घातली. मार खायची प्रॅक्टिस झाली. उद्या मार द्यायची करू.

१९ डिसेंबर
बरगडी दुखते. प्रॅक्टिस उद्या. लिसांद्रोनं माझी अर्धी मिशी उपटली आणि गालावर ओरबाडलं. हल्ली भलताच मस्तीखोर झालाय. बापाचं ट्रेनिंग बघून पोर घडतंय.

२५ डिसेंबर, संध्याकाळ
रिंगणात धूळ, दारू, आरडाओरडा, हातात चाबूक घेतलेले पंच. आमच्या आधीच्या जोडीतल्या एकाचा दात उडून माझ्या बुटावर पडला. शुभशकुन. नियमाप्रमाणे रोमुलोला मिठी मारली. प्लॅन सोपा: उजवी लाथ, डावा ठोसा, खेळ खलास. लाथ उगारली.
मग आकाश दिसलं.
नाक मोडलंय. रक्त भरपूर आलं, चांगलं दाट. सगळ्यांत जोरात टाळ्या फोर्तुनाता वाजवत होती. मला शुद्धीवर आणायला असणार.
पाय घसरला होता. बाकी काही नाही.

८ फेब्रुवारी
शब्द म्हणजे शब्द. केंद्रात गेलो. सुई लागताच लिसांद्रोनं असा टाहो फोडला, की दारातलं कुत्रं पळालं. वर रोमुलोच्या ओठावर बुक्की! इथल्या हिशेबानं आकडा अकरा पॉइंट चार.
मी म्हटलं, बघ! तुझ्या थेंबांशिवाय. हे माझं रक्त!
फोर्तुनाता म्हणाली, बाटली मी त्याच दिवशी उकिरड्यावरून उचलून आणली. रोज सकाळी संत्र्याच्या रसात देते. शी काळी त्यानंच झाली. पुढच्या बाटल्या रोमुलोभाऊंनी आणून दिल्या.
मला का नाही सांगितलंस, विचारलं.
म्हणाली, सांगितलं असतं तर मलाही मारलं असतंस.
मी विषय बदलला.
रोमुलोला पाय कसा घसरला ते समजावून सांगायला लागलो. उठून लाथेची पोझही दाखवली. पण तो माझ्याकडे बघतच नव्हता. माझ्या मागं बघत होता. फोर्तुनाताही. तोंडावर हात ठेवून ती रडत होती.
मी वळलो, तोवर लिसांद्रो दाराशी जमिनीवर बसलेला होता.
चार पावलं चालला म्हणे.