पित्त थांबलं!

५ जानेवारी २००२, सकाळी
आजपासून पित्ताच्या पांढऱ्या गोळ्या कायमच्या बंद. रायपूर राजधानी झालं, भोपाळच्या फायली माझ्या टेबलावर आल्या आणि पित्त खवळलं. गोल बाजारातून जडीबुटीचा पुडा आणला. रोज उपाशीपोटी काढा. पान म्हणजे पान. गोळीसारखं लिव्हरला त्याचं कामच नाही. इकडून येतं, तिकडून जातं.

९ जानेवारी
भयंकर कडू. बायको, विनोदिनी, विचारते, यात आहे काय? विकणाऱ्याने सांगितलं नाही, म्हणजे चीज अस्सल. बायकांना हे कळत नाही. ऑफिसात गंगाधरलाही एक पुडा दिला.

२१ जानेवारी
शौचाला पांढुरकं. आतून साफ होतोय! लघवी काळ्या चहासारखी. मळ तिकडून निघतोय. अंगभर खाज. तीही मळाचीच.

२६ जानेवारी
झेंडावंदन. गंगाधर म्हणाला, चेहऱ्यावर पिवळं तेज आलंय. लेक निधी मराठी समजते, उत्तर हिंदीतच देते. म्हणाली, पापा, आपकी आँखें पीली हैं. ट्यूबलाइट जुनी झालीय. उद्याच बदलतो.

२८ जानेवारी
नव्या ट्यूबखाली डोळे जास्तच पिवळे. खराब माल.

२९ जानेवारी
विनोदिनीने समता कॉलनीत डॉ. अच्युतकडे ओढत नेलं. रक्त तपासलं. आपलाच मराठी माणूस, पण बोलतो हिंदी. गंभीर तोंडाने म्हणाला, आपका पित्त रुक गया है.
थांबलं! लग्नापासून ज्याच्याशी लढलो ते पित्त थांबलं! पुढचं ऐकलंच नाही. येताना पेढे घेतले, पेढेवाल्यालाही कारण सांगितलं. विनोदिनी रिक्षात ओरडली, अहो, थांबलं म्हणजे अडकलं! खुश काहून होऊन राहिले?
हिला माझं यश बघवत नाही.

३० जानेवारी
डॉक्टरला खडसवायला एकटा गेलो. म्हणाला, घशाशी येतं ते पित्त वेगळं, हे लिव्हरचं. पानातली द्रव्यंही लिव्हर गोळीसारखीच उचलतं, पित्तात घालतं, पित्त आतड्यात जातं, तिथून बाहेर. शौचाचा रंगही त्याचाच. तुमच्या काढ्याने तो रस्ताच अडवलाय.
मी विचारलं, पान हिरवं, गोळी पांढरी, लिव्हरला रंग कळत नाही? नाही म्हणाला. पण बोलता बोलता कबूल करून बसला की काही द्रव्यं आतड्यातून परत लिव्हरकडे येतात. म्हणजे एका पेल्यात दोन पेल्यांचं काम! काढा चालूच ठेवणार.

३१ जानेवारी
विनोदिनीने काढा मोरीत ओतला. ओतू दे. पुडा बुटात आहे.

४ फेब्रुवारी, दवाखान्यात
उलट्या. ऑफिसातच चक्कर. दाराबाहेर डॉक्टर विनोदिनीला हळू आवाजात काही सांगत होता. ती रडत होती. घाबरलो. फार घाबरलो.
पुडा स्वतः काढून दिला. माघार नव्हे. बूट चावत होता. गंगाधरला निरोप धाडला, काढा बंद कर. कारण कळवलं नाही.

७ मार्च, घरी
डॉक्टरचा हुकूम, रोज शौचाचा रंग सांगायचा. विनोदिनी संडासाच्या दाराशी. बैठकीत गंगाधर, खबर घ्यायला आलेला. आतून ओरडलो, पिवळं! विनोदिनी रडता रडता हसली. निधी चक्क मराठीत बोलली, बाबा, खरंच? गंगाधरने टाळ्या वाजवल्या.
संध्याकाळी पेढे आणायला गेलो. सांगितलं, पित्त सुरू झालं. पेढेवाला म्हणाला, पिछली बार तो रुकने की खुशी में ले गए थे न?
मान डोलावून म्हणालो, हव.