शेवट न सांगण्याचं धोरण

३ फेब्रुवारी, रविवार. दुपारी ४.
‘विहिरीवरचं झाकण’ पाहिला. जुना कृष्णधवल भयपट, कुणाला नावही माहीत नाही. अप्रतिम. झाकण हलायला लागलं तेव्हा मी चहा टाकायला उठलो. समीक्षकाने पडद्यापासून अधूनमधून अंतर राखावं, नाहीतर तो वाहवत जातो. मी आतून काय झालं, काय झालं विचारत होतो आणि बायको मटार सोलता सोलता सांगत होती. शेवटी म्हणाली, संपला, या बाहेर. चहाला चाळीस मिनिटं लागली. गॅस मंद आहे.

वाचनालयाच्या फळ्यासाठी कार्ड लिहिलं. ‘दुर्लक्षित थरार, क्रमांक १४. जरूर पाहा. शेवट सांगणार नाही.’ हे माझं धोरण आहे. चौदा सिनेमे सुचवले, एकाचाही शेवट फोडलेला नाही. आजकाल असा संयम कुठे दिसतो?

५ फेब्रुवारी, मंगळवार.
महत्त्वाचं. वाचनालय दर शनिवारी दुपारी तीनला सिनेमा दाखवणार आहे. वर्षभरासाठी एक निवेदक हवा. सिनेमा निवडायचा, आधी दोन शब्द बोलायचे, नंतर प्रश्नांना उत्तरं द्यायची. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, पुढच्या आठवड्यातला शनिवार तुम्ही करून दाखवा, जमलं तर वर्ष तुमचं. नाहीतर औषधवाले आहेतच. औषधवाले म्हणजे कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाचे मालक. जे सिनेमे सगळ्या जगाने पाहिलेत तेच सुचवतात. वर आवाज मोठा.

मला ही जागा हवी आहे. वीस वर्षं चष्म्याच्या दुकानात नंबर तपासतोय. माझं म्हणणं पूर्ण ऐकतं कोण, तर यंत्रावर हनुवटी टेकवलेलं गिऱ्हाईक, कारण त्याला हलता येत नाही. एकदा तरी लोकांनी आपणहून ऐकावं असं वाटतं.

१० फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी ५.
मेहुणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, म्हणून बायको आठवडाभर तिकडे गेली. निघताना म्हणाली, एकटे काही बघत बसू नका. याचा अर्थ मला कळला नाही.

एकटाच बसलो. शनिवारसाठी ‘तिसऱ्या मजल्यावरची शिंपीण’. बंद खोलीतून शिलाई मशीनचा आवाज, दाराखालून हळूच सरकत येणारं लाल कापड, जिना चढणारी मुलगी. काय तो जिना! पन्नासाव्या मिनिटाला तिने कडीला हात घातला आणि मला आठवलं की गच्चीवर कपडे वाळत घातलेत. गेलो. कपडे ओले होते, म्हणून वाळेपर्यंत थांबलो. परत आलो तर सिनेमा संपलेला.

तरी माझ्यासारख्याला पुढचं दिसतं. शिंपीण मेलेली आहे. लाल ते रक्त आहे. मुलगी परत येत नाही.

११ फेब्रुवारी, सोमवार.
कार्ड लावलं. ‘कमकुवत हृदयाच्या लोकांनी येऊ नये. शेवट पाहून माझी आठ दिवस झोप उडाली.’ अजून एकच दिवस झालाय, पण शनिवारपर्यंत सहा होतील. बाई म्हणाल्या, मला तरी शेवट सांगून ठेवा. धोरण समजावून सांगितलं. त्या माझ्याकडे चष्म्यावरून बघत राहिल्या. नंबर बदललेला दिसतो.

१४ फेब्रुवारी, गुरुवार.
दुकानात एका आजींनी विचारलं, मला झेपेल का? मी म्हटलं, आजी, नको. त्यांनी लगेच मी येणारच म्हणून सांगितलं. जाहिरात अशी करतात.

संकल्प: शनिवारी शेवटपर्यंत हॉलमध्ये बसायचं. फोनवर बायकोला सांगितलं. ती म्हणाली, मी शनिवारी दुपारीच परत येते. तिला माझं भाषण चुकवायचं नसणार.

१६ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळी ७.
साठेक माणसं आली. माझे दोन शब्द बावीस मिनिटं चालले. अंधार झाला. मुलीने कडीला हात घातला तेव्हा मी वायर तपासायला बाहेर गेलो. कुठली वायर, हे बाईंनी नंतर दोनदा विचारलं.

किंकाळ्यांची वाट बघत कॉरिडॉरमध्ये उभा होतो. आतून नाकं ओढल्याचे आवाज आले. माणसं भीतीने रडतात हे मला नवीन होतं, पण आनंद झाला. दिवे लागल्यावर तडक मंचावर गेलो आणि पाठ केलेलं बोललो. इतकी क्रूर बाई पडद्यावर पुन्हा झाली नाही. ते प्रेत पाहून ज्याचा थरकाप उडाला नाही, त्याने स्वतःची नाडी तपासून घ्यावी.

नंतर कळलं, सिनेमात प्रेत नाही. शिंपीण ही त्या मुलीची आई. दार लावून गुपचूप मुलीच्या लग्नाचा पोशाख शिवत असते. लाल कापड त्याचंच. शेवटची वीस मिनिटं लग्न आहे, सगळे नाचतात. लोक आनंदाने रडत होते.

औषधवाल्यांनी विचारलं, प्रेत नेमकं कुणाचं? मी म्हटलं, मी शेवट सांगत नाही. ते म्हणाले, तो आम्ही आत्ताच पाहिला. मग हॉल हसला. बराच वेळ हसला.

तेवढ्यात मागून बायको उठली. खांद्यावर प्रवासाची पिशवी तशीच. म्हणाली, हसू नका, पन्नास मिनिटं तुम्हीही घाबरलाच होता, दाराआड काय आहे ते माहीत नसलं की आईचीसुद्धा भीती वाटते. कुणीतरी विहिरीच्या झाकणाबद्दल विचारलं, तेही तिने सांगितलं. मग बाकीचे तेरा. शेवटांसकट. माझं धोरण पाऊण तासात निकालात निघालं.

१७ फेब्रुवारी, रविवार.
ग्रंथपाल बाईंचा फोन. मी घसा साफ करून घेतला. त्यांना बायकोशी बोलायचं होतं. वर्ष तिला मिळालं. ती म्हणाली, तुम्हाला वाईट वाटणार असेल तर नाही म्हणते. मी म्हटलं, छे, वाईट कसलं?

वाटलं. खूप वाटलं. पण हे स्पष्ट असावं की मी घाबरत नाही. कधीच घाबरलेलो नाही. गॅस खरंच मंद आहे.

२३ फेब्रुवारी, शनिवार.
बायकोचा पहिला सिनेमा, ‘ओली शिडी’. तिने माझ्यासाठी दाराजवळची खुर्ची धरून ठेवली होती. मी मुद्दाम पहिल्या रांगेत मधोमध जाऊन बसलो. शिडीवर पावलं उमटायला लागेपर्यंत हललो नाही. नंतर बाहेरच्या फळ्यावरच्या सगळ्या सूचना वाचून काढल्या. दोन गेल्या वर्षीच्या निघाल्या, कुणाचं लक्ष नाही. प्रश्नोत्तरं संपेपर्यंत तिथेच होतो.

२५ फेब्रुवारी, सोमवार.
औषधवाले चष्म्याची दांडी ढिली झाली म्हणून दुकानात आले. सांगत होते की परवा प्रश्नोत्तरांत त्या आजींनी बायकोला विचारलं, एवढं भयंकर बघतेस, भीती नाही वाटत? ती म्हणाली, वाटते की. एकटी असते तर डोळे घट्ट मिटून घेतले असते. पण हे आतून सारखं विचारतात, काय झालं, काय झालं. यांना सांगायचं असतं, म्हणून उघडे ठेवते.

म्हणजे मूळ पद्धत माझीच, हे आता चारचौघांत जाहीर झालं. दांडी घट्ट करून दिली. ते म्हणाले, सगळ्यांनी कौतुकाने पहिल्या रांगेतल्या तुमच्या खुर्चीकडे पाहिलं, आणि ती बिचारी त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून हसली.

आत असतो तर मी स्वतः ऐकलं असतं.