रीलमध्ये न आलेलं

भांडुप,
२१ फेब्रुवारी

प्रिय कल्पिता,

अनेक आशीर्वाद, आणि मावशींना माझा नमस्कार सांग. पत्र हातात पडल्यावर आधी हसशील. वहिनीला पेन कुठून सापडलं, म्हणशील. हस. कागदावर लिहिलं की ते कुणी पुढे ढकलत नाही, म्हणून लिहितेय. मोबाईलने याचा फोटो काढलास तर मात्र पार्ल्याला येऊन कान पिळीन.

इकडे सगळं चाललंय. सुयोगला पुन्हा सकाळची शिफ्ट लागली आहे. आईंचे गुडघे तसेच, आणि मालिशवालीशी भांडणही तसंच. त्या तुझं नाव काढत नाहीत, पण सोलकढीचे अजून चार पेले मांडतात आणि मग एक उचलून आत ठेवतात. तुझ्या खोलीत मी कपडे वाळत घालते. त्या ते काढून आणतात. म्हणतात, पोरगी आली तर कुठे बसेल?

सुयोग म्हणाला, रविवारी तू अकाऊंट कायमचं बंद करणार आहेस आणि फोनही पुसून नवा करणार आहेस. कल्पू, जरा थांब. का ते सांगते, पण आधी बाकीचं सांगू दे. नाहीतर मी तिथपर्यंत पोचणारच नाही.

तू घर सोडून मावशींकडे गेलीस त्या दिवशी रागारागाने फोनमधून अ‍ॅप काढून टाकलंस. तुला वाटलं, माझ्या डोहाळजेवणाचं रीलही गेलं. अगं, अ‍ॅप गेलं की फक्त तुझ्या डोळ्यांसमोरून जातं. जगाच्या डोळ्यांसमोर ते चालूच आहे. फुलांचे दागिने घालून मी झोपाळ्यावर बसले आहे, पुढे दोन झाकलेल्या वाट्या, पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. मी झाकण उचलते, बर्फी निघते, बायका ओरडतात. सुयोगने अ‍ॅपवाल्यांकडे दोनदा तक्रार केली. त्यांचं उत्तर आलं की यात नियमाविरुद्ध काही आढळलं नाही. खरंच आहे. हसऱ्या बाईत कुणाला काय आढळणार?

मी तुला म्हटलं होतं, घरच्या ग्रुपवर टाक. तू सगळ्या जगाला पंगतीला बसवलंस. लोक अजून खाली लिहितात. बाळ झालं का, फोटो टाका, आम्ही वाट बघतोय. एकीने लिहिलं, मुलगी झाली म्हणून लपवताय का? ते वाचून मी मोबाईल तांदळाच्या डब्यात टाकला आणि आईंनी तो संध्याकाळी भाताचं माप घेताना बाहेर काढला.

हॉस्पिटलातून आल्यावर गेल्या महिन्यात मी पहिल्यांदा मासळी बाजारात गेले. आपली सगुणा कोळीण आठवते ना, नाक्यावरची, जिला आई नेहमी खोटं वजन म्हणून बोलतात? तिच्या सुनेने तिला रील दाखवलं होतं. मला लांबूनच बघून ती ओरडली, "आगं बाय, तू ती बर्फीवाली ना? पोर बरा हाय ना तुजा?" मी मान हलवली. तिने मुशी कापली, भरपूर, आणि पैसे घेईना. "बालंतीन बाय तू. मुशीनं दूध येतं. नातवाचे पैशे नाय घेत मी." मागे बायका उभ्या होत्या. मी पिशवी घेतली, थँक्यू म्हटलं आणि घरी आले.

कल्पू, मला दूध आलं होतं. मुशीशिवायच आलं होतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तरी चार-पाच दिवस येत राहिलं. हे मी माझ्या आईलाही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मुशीचं कालवण केलं, सगळे जेवले, सुयोग म्हणाला छान झालंय.

आता त्या फॉर्मचं. होणाऱ्या आईला फुकट भेटवस्तू म्हणून तू कुठल्या तरी वेबसाइटवर माझं नाव, नंबर आणि डॉक्टरांनी दिलेली तारीख भरलीस. भेटवस्तू काही आली नाही. फोन आले. डायपरवाले, विमावाले, बाळाचे फोटो काढणारे. एक मुलगी तर इतकी गोड बोलायची. "मॅडम, बाळ आता अडीच महिन्यांचं झालं असेल ना? मान धरायला लागलं का?" तिच्या कॉम्प्युटरमध्ये ते वाढतंय गं. त्याला कुणी सांगितलंच नाही. पुढच्या महिन्यात ते पालथं पडेल, मग बसेल, त्याला दात येतील.

रागावून फोन आपटायला हवा होता. मी नाही आपटला. मी म्हटलं, हो, धरतं थोडी थोडी. ती म्हणाली, "वा! खूप हुशार आहे हं." आणि मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून ते ऐकत राहिले. सुयोगने मागून येऊन फोन काढून घेतला आणि दुसऱ्या दिवशी नंबरच बदलून आणला. नवा नंबर तो तुला देईल. कुठल्याही फॉर्ममध्ये भरू नकोस.

आई तुला जे बोलल्या ते मी ऐकलं होतं. "तरी मी सांगत होतंय, पोटातला पोटात ठेवा. तुझ्या त्या मोबाईलानच दृष्ट लागली." दृष्टबिष्ट काही नाही. नाळेला गाठ पडली होती, डॉक्टरांनी मला समोर बसवून समजावलंय. तुझ्या रीलने काहीही झालेलं नाही, हे नीट वाच आणि पुन्हा वाच. माझा तुझ्यावरचा राग वेगळा आहे आणि तो आहे. माझं सुख वाटायचं की नाही, हे मी ठरवायचं होतं. ते तू ठरवलंस. म्हणून आता माझं दुःखसुद्धा मला घरात बसून करता येत नाही, बाजारात करावं लागतं.

तू हॉस्पिटलात आली नाहीस. आईंनी येऊ दिलं नाही, मला माहीत आहे. तुला सगळ्यांनी नुसतं बाळ गेलं एवढंच सांगितलं असेल. मुलगी होती, कल्पू. केस खूप होते, काळेभोर, कपाळावर आलेले. सिस्टरने विचारलं, फोटो काढायचा का? सुयोग म्हणाला नको. मला तेव्हा तोंड उघडता आलं नाही. त्याला दोष देत नाही, पण फोटो नाही. आपल्याकडे तिचं काहीही नाही.

म्हणून थांब म्हणतेय. रील जिथे संपतं तिथे तू कॅमेरा बंद करायला विसरली होतीस. स्टँडवर मोबाईल तसाच चालू राहिला. त्याच संध्याकाळी तू मला ते दाखवलं होतंस आणि आपण पोट धरून हसलो होतो. बायका जेवायला उठतात. मी ओरडते, कल्पू, हात दे लवकर, लाथा मारतेय! मग समोरून तुझा हात येतो, बांगड्यांनी भरलेला, आणि माझ्या हिरव्या साडीवर पोटाशी थांबतो. तू किंचाळतेस, "अगं वहिनी, केवढ्या जोरात!" मग आपण दोघी गप्प होतो आणि पुन्हा एक लाथ बसते, तेव्हा साडी हलते. साडी हललेली दिसते, कल्पू. मला पक्कं आठवतंय.

ते तू रीलमध्ये घेतलं नाहीस. कुणी बघितलं नाही, कुणी त्याच्याखाली काही लिहिलं नाही.

रविवारी रील काढून टाक. अकाऊंट बंद कर, माझा नंबर जिथे जिथे भरलास तिथून पुसायला सांग, ते ऐकत नसतील तर भांड. पण तुझ्या फोनमधलं ते मूळ शूटिंग पुसू नकोस. मला पाठवूही नकोस, कशावरूनही नको. तू स्वतः घेऊन ये. आई काही बोलल्या तर मी आहे. दार लावून बघू या, आपण दोघीच.

तुझ्या भाचीची आई,
जान्हवी