माझ्या नाकातली भाऊबंदकी

कोल्हापूर, १२ फेब्रुवारी १९७१

चि. गुंडूस आईचा आशीर्वाद.

मीठ आणायला धाडलं की साखर घेऊन येणारा तू! आईला दवाखान्यात ठेवून गेलास, तेही विसरलास व्हय? शेजारच्या खाटेवरची जरीना हे लिहून घेते आहे. तिला हसू आवरत न्हाय.

मी बरी हाय. मानेवरची दोन गळवं वाळली. तिसरं जरा ठणकतं, पण ते सूनबाईला सांगू नको.

तिला एवढंच सांग, की तिच्या त्या झोंबऱ्या साबणानं काय व्हायचं न्हाय. डॉक्टर म्हणाले, "आजी, गळवं करणारे जंतू तुमच्या नाकात ठाण मांडून होते. औषधानं त्यांना हुसकलंय. आता त्यांच्याच कुळीतले मवाळ जंतू तिथं लावतो. त्यांनी जागा धरली, की दांडग्यांना थारा मिळणार नाही."

मी म्हटलं, "म्हणजे भाऊबंदकीच की! अन् चांगलं विरजण पडलं की दूध नासत न्हाय, हे मला शिकवता व्हय?" मग त्यांनी काडीनं माझ्या नाकात विरजण लावलं.

नात दूध पिते का? गळवं पोरीला लागतील म्हणून बाळंतिणीच्या खोलीत मला येऊ दिलं न्हाय, ते तेव्हा बरोबर होतं. पण डॉक्टरांनी बरी म्हटलं, की पोर पहिली माझ्या मांडीवर. तोवर बारसं थांबवा. माझ्यामागं नाव ठेवलंत, तर त्या नावानं मी जन्मात हाक मारणार न्हाय.

खाली अंगठा माझाच.
तुझी आई, चिमणाबाई

ता. क. रविवारी दही आण. विरजण माझ्याच गाडग्यातलं घालायला सांग. शेजारणीचं घातलंत, तर पहिल्या घासाला ओळखीन.