खालचं कोर्ट, वरचं कोर्ट

३ फेब्रुवारी, मंगळवार
पांडुरंगचा जामीन सेशन्स कोर्टानेही फेटाळला! परदेशीपुऱ्यातल्या एका कारखान्याचा हा चौकीदार. तांब्याची तार चोरली म्हणून मालकाने आत घातला, दिवाळीपासून आतच आहे. मॅजिस्ट्रेटने हात झटकले, आज यांनीही. साहेबांचा कारकून, रीडर, वरून मलाच समजावतो — ‘वकील मॅडम, टेन्शन नको. हायकोर्ट कर देगी ना!’ आणि हायकोर्टवाले विचारतात, असल्या बारीकसारीक केसेस आमच्यापर्यंत येतातच कशा? येतात अशा!

५ फेब्रुवारी
जेलमध्ये जाऊन आले. पांडुरंग वाळलाय. बरॅकमधले त्याला सांगतात, कबूल कर, लवकर सुटशील. तो ऐकत नाही. ‘ताई, मैंने कुछ लिया नाही. चोर बनून घरी जाऊ काय? फिर चौकीदारी कोण देणार मला?’
बरोबर आहे त्याचं. मला बरं वाटलं, आणि ओझंही.

१० फेब्रुवारी
हायकोर्ट. पोलीस ठाण्यातून तपासाचे कागदच आले नाहीत. पुढची तारीख.

१७ फेब्रुवारी
कागद आले, तर नंबर आला नाही! बाहेर त्याची बायको शांता सकाळपासून उभी. ‘ताई, इथेबी नाही झालं तर?’
‘मग दिल्ली!’ मी म्हणाले. चिडूनच. तशी वेळ येणारच नव्हती, जामीन इथेच होणार हे मला दिसत होतं. पण सकाळपासून पोटात काही नव्हतं, डोकं उठलं होतं. समजावत बसायची ताकदच उरली नव्हती. ती पदराने तोंड पुसत निघून गेली.
उद्या फोन करून नीट सांगते.

१८ फेब्रुवारी
फोन राहिला. पाच केसेस, तीन मजले. झोपते.

२३ फेब्रुवारी, सोमवार
उद्या दोन्हीकडे तारीख! वर जामीन, खाली आरोप वाचून विचारणार — गुन्हा कबूल आहे का? खालच्या कोर्टाच्या रीडरला विनवलं, आमची केस दुपारनंतर घ्या हो. ‘मॅडम, साहेबांना ऊपर से प्रेशर आहे, केसेस निपटवा म्हणून. देखते हैं.’ चहापेक्षा किटली गरम! पण पांडुरंग खमका आहे. नाही म्हणेल, काळजी नाही.

२४ फेब्रुवारी
जामीन मंजूर! दोन मिनिटांत. रिक्षा करून धावत खालच्या कोर्टात आले. केस सकाळीच पुकारली होती. पांडुरंगने गुन्हा कबूल केला. आत काढले तेवढे दिवस हीच शिक्षा, संध्याकाळी घरी.
शांताने माझे हात धरले. ‘मीच जेलमध्ये जाऊन यांच्या पाया पडले, ताई. दिल्लीपर्यंतची लढाई आपल्याला नाही जमणार, हो बोलून टाका. बरं केलं ना?’
‘हो,’ म्हणाले. वर काय झालं ते सांगितलं नाही.