साल्हेरला मोडलेला नियम

अण्णा, मागच्या रविवारी साल्हेरला मी तुमचा नियम मोडला. कुणाला तरी सांगायला हवं होतं, आणि ज्याचा नियम त्यालाच सांगावं हे बरं. आईला सांगायला गेले तर ती 'गुडघा दुखत असताना तडमडायला गेलीसच कशाला' इथूनच सुरुवात करेल. तिचं बरोबरच असेल, म्हणून तिला सांगत नाही.

तुमचा नियम मुळात एकलहऱ्याच्या विजेच्या प्लांटमधला. कोळसा वाहणाऱ्या पट्ट्याजवळ एकटा माणूस सोडायचा नाही, जोडीदार थांबला की आपणही थांबायचं. तिथं त्या नियमानं माणसं वाचत होती, त्याबद्दल माझा वाद नाही. पण तुम्ही तो कंपनीच्या बुटांसकट डोंगरावर नेलात. तुमच्या शिफ्टमधली सगळी मंडळी सुट्टीच्या दिवशी तेच जड, पुढे लोखंड घातलेले बूट चढवून गडावर निघायची, कारण दुसरे बूट होते कुणाकडे? आदल्या दिवशी संध्याकाळी आई क्वार्टरच्या त्या एवढ्याशा स्वयंपाकघरात सगळ्यांना पुरतील इतक्या दशम्या करायची आणि 'त्या डोंगरावर काय पुरून ठेवलंय तुमचं' असं पुटपुटत शेंगदाण्याची चटणी कुटायची. मी तेव्हा आठवीत असेन. हट्ट करून तुमच्या मागे यायचे. पायथ्याशी तुम्ही सगळ्यांना ओळीत उभं करून बजावायचात, "एक थांबला की सगळे थांबले. एक परत, तर सगळे परत." समोर अंजनेरी असो की धोडप, तुमचा आवाज मात्र ड्युटी लावतानाचाच असायचा.

साल्हेरचा तो दिवस मला स्वच्छ आठवतो. सटाण्याहून एसटीनं गावात उतरलो, कातळात खोदलेल्या पायऱ्या चढलो, एकामागून एक दरवाजे ओलांडले, कड्याच्या पोटातल्या आडव्या वाटेनं गुहांपाशी आलो. पुढे गंगासागर तलाव, आणि त्याच्या वर राहिलेलं शेवटचं टेकाड. टोकावरचं परशुरामाचं देऊळ दिसतंय. महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला, असं तुम्ही महिनाभर सगळ्यांना ऐकवत आला आहात. आणि तेवढ्यात चाचा मटकन खाली बसतात. चाचा म्हणजे तुमच्याबरोबरचे मालेगावचे फिटर. त्यांना गरगरतंय. पाणी दिलं, गूळ दिला, गुहेच्या सावलीत निजवलं, जरा वेळानं चेहऱ्यावर रंगही आला. म्हणाले, "तुम्ही जाके या ना. मला काय नाय झालं, मी बसतो इथं." दुसरे एक काका म्हणाले, मी थांबतो ह्याच्यापाशी, तुम्ही पोरीला घेऊन टोक गाठून या. तुम्ही दोघांचंही ऐकलं नाहीत. सगळ्यांना माघारी वळवलंत. मी रडकुंडीला येऊन म्हणाले, एवढ्याशासाठी परत? तर माझ्यावर खेकसलात, "गप्प बस. डोंगर कुठं पळून चाललाय का?"

मी सटाण्यापर्यंत तुमच्याशी बोलले नाही. स्टँडवर तुम्ही मला भजी घेऊन दिलीत. ती मी खाल्ली, पण अबोला सोडला नाही.

डोंगर नाही पळाला, अण्णा. तुमच्याच छातीनं दगा दिला. पुढच्या वर्षी जाऊ म्हणता म्हणता तुम्हाला जिना चढवेना, आणि मी कॉलेजात असताना तुम्ही गेलात. साल्हेरचं टोक काही तुम्ही पाहिलं नाहीत. घरी भेटायला लोक येत होते, त्यात चाचाही आले. सगळे उठून गेल्यावर मला म्हणाले, "बेटा, तुझ्या वडिलांचं वरचं बघायचं राहिलं ना, ते माझ्यापायी." मी म्हटलं, असं काही नाही, चाचा. पण त्यांच्या मनातून ते गेलं नाही. पुढे कितीतरी वर्षं नाशिक रोडच्या बाजारात भेटले की हातातली पिशवी खाली ठेवून तेच. "मी बोललो होतो जाके या म्हणून. ऐकलंच नाय त्यांनी." तुम्ही त्यांना गडावरून अगदी जपून खाली आणलंत, आणि खाली आणताना केवढं ओझं त्यांच्या डोक्यावर ठेवलंत, हे तुम्हाला कळलंच नाही.

आता रविवारचं. आमचा सोसायटीतल्या बायकांचा ग्रुप आहे. मी त्यांची पुढारी. नियम तुमचाच लावलाय, शब्दसुद्धा तुमचेच. त्यापायी मी कितीतरी जणींना टोकाजवळून परत आणलंय आणि त्यांचे रुसवे काढलेत. यावेळी गंगासागरापाशी माझाच गुडघा आखडला. पायथ्याशी चहा देणाऱ्या बाईनं आधीच सांगितलं होतं, "माय, गुडघा सुजी गया शे तुना. बठ आठे." इथंच बस म्हणत होती, मी हसण्यावारी नेलं. वर आल्यावर पाऊल टेकवेना. मी म्हटलं, तुम्ही जाऊन या. तर आमच्यातली सगळ्यात लहान, बँकेत असते, सरळ पिशवी टाकून बसली. "ताई, एक थांबला की सगळे थांबले. नियम तुमचाच ना?" तिच्या पाठोपाठ सगळ्या बसल्या. डबेसुद्धा उघडले मेल्यांनी.

मी टोकाकडे पाहिलं. मी मागे एकदा जाऊन आलेली आहे, माझं काही अडलं नव्हतं. पण आमच्यात एक थोरल्या बाई आहेत. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला, मुलगी आली म्हणून कसाबसा हा एक दिवस मिळालेला. त्या डब्याचं झाकण हातात धरून वर देवळाकडे बघत होत्या. त्यांना असा दिवस पुन्हा कधी मिळणार? आणि नाही मिळाला तर त्यांच्या दारात गेल्यावर मी काय म्हणणार, चाचांसारखी पिशवी खाली ठेवून? मग मी ओरडले. चांगली ओरडले. "उठा. नियम माझा आहे ना? मग मीच मोडते. माझ्या डोक्याला ताप देऊ नका, टोकावर जाऊन या." दोघी म्हणाल्या, आम्ही थांबतो तुमच्याजवळ. त्यांनाही पिटाळलं. तलावाकाठी आणखी लोक होते, पाणी होतं, सावली होती. गरगरणं वेगळं आणि गुडघा वेगळा, हे तुम्ही म्हणणार मला माहीत आहे. पण चाचांपाशी बसायला माणूस तयार होता, अण्णा.

त्या वर जाऊन आल्या. थोरल्या बाईंनी देवळाच्या पायरीवर बसून समोरच्या सालोटा गडाकडे बघतानाचा फोटो काढून घेतला होता, तो त्यांनी मला दोनदा दाखवला. उतरताना मला दोघींनी दोन्हीकडून धरलं, वेळ लागला, पण पोचलो. ग्रुपचा नियम मी आता बदललाय. जो थांबेल त्याच्याशी नीट बोलायचं, त्याला काय हवं ते त्यालाच विचारायचं, आणि तो जा म्हणाला तर जायचं. तुम्हाला आवडणार नाही. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाहीच, त्यामुळे तुमचं खेकसणंही ऐकावं लागणार नाही.

फक्त एक गोष्ट त्या बायकांना सांगितलेली नाही. परत आल्यावर बँकवालीनं विचारलं, ताई, एकटीला कसंतरी झालं असेल ना? मी तोंड बारीक करून म्हटलं, हो गं, सारखी वर नजर लावून बसले होते. साफ खोटं. त्या वळणाआड गेल्या आणि मी ओढणी तोंडावर ओढून जी झोपले, ती त्यांच्या बोलण्याच्या आवाजानंच जागी झाले. घरी कित्येक महिन्यांत अशी झोप लागली नव्हती. चाचाही निवांत झोपले असते, अण्णा. तुम्ही जायला हवं होतं.