खुर्चीचं काही ठरलं नव्हतं

६ ऑगस्ट

नाटकवाल्या मुलाने ऐन वेळी हातावर तुरी दिल्या. काम मिळालं म्हणे त्याला. संवाद असलेलं! माझ्याकडे संवाद नव्हते. भिंतीशी खुर्चीत बसायचं, समोर कोणीतरी कोडं सोडवत असेल, आपण गप्प राहायचं. इतकं सुखाचं काम सोडून कोणी जातं? जातं.

सोमवारी माझ्या पीएचडीचा प्रयोग सुरू. आता बसवायचं कोणाला?

७ ऑगस्ट

नवरा म्हणाला, "आईला विचार ना." मी म्हटलं, गप्प बसायचंय. तोही विचारात पडला.

८ ऑगस्ट

सासूबाई तयार. पण आधी सगळं समजून घेतलं. न समजता त्या भाजीसुद्धा घेत नाहीत.

मी सांगितलं — आलेल्याला एक आकृती द्यायची. पेन न उचलता काढायची. ती निघतच नाही, पण हे त्याला सांगायचं नाही. किती वेळ चिकाटी धरतो ते मोजायचं. थोड्या वेळाने मदतनीस आत येते. निम्म्यांना म्हणते, "छान चाललंय." निम्म्यांना काहीच म्हणत नाही, कागद ठेवते आणि जाते. शिवाय निम्मे खोलीत एकटे, निम्म्यांसोबत तुम्ही. असे चार गट. कौतुकाने फरक पडतो का, सोबतीने पडतो का, आणि मुख्य म्हणजे कौतुकाचा परिणाम सोबत आहे की नाही यावर बदलतो का.

"म्हणजे न सुटणारं कोडं देऊन पोरांना छळायचं."

"हो."

"आणि त्यावर तू डॉक्टर होणार."

"हो."

नियम दिले. बोलायचं नाही. हात लावायचा नाही. खुणा करायच्या नाहीत. मान डोलावून म्हणाल्या, "गप्प बसायलाही नियम लागतात होय तुमच्यात!"

१९ ऑगस्ट

कमाल आहे. सासूबाई खरंच गप्प बसतात. मांडीवर मासिक, तोंडाला कुलूप. घरी आल्यावर सगळं भरून काढतात, पण तो माझ्या प्रयोगाचा प्रश्न नाही.

२ सप्टेंबर

नियतकालिकाकडून आधीचा शोधनिबंध परत आला. परीक्षकांना 'नावीन्य दिसले नाही'. दोन वर्षांचं काम, आणि त्यांना दिसलं नाही.

टेबलाशी बसले होते, तर सासूबाई मटार घेऊन हजर. एवढं घर पडलंय, पण सोलायला माझंच टेबल! खुर्ची अशी फरफटत आणतात की दात आंबतात. एक धीराचा शब्द नाही, काही नाही. शेंगा फोडल्याचा आवाज तेवढा. शेवटी मीच उठून आतल्या खोलीत गेले.

३० सप्टेंबर

माझ्या मार्गदर्शक मॅडमनी प्रबंधाचं दुसरं प्रकरण लाल करून पाठवलं. संध्याकाळी पुन्हा मटार. वर्षभराचे सोलून ठेवणार बहुतेक.

लग्नाला इतकी वर्षं झाली, या बाईंच्या तोंडून माझ्यासाठी एक 'छान' निघालेलं नाही. मी घरात कोणत्या गटात मोडते ते मला नीट माहीत आहे.

११ नोव्हेंबर

शेवटचा माणूस आज झाला. उद्या आकडे.

१२ नोव्हेंबर

आलं! आलं! आलं!

कौतुकाचा स्वतःचा असा परिणाम — जेमतेम. सोबतीचा — जेमतेम. पण दोन्हींची परस्परक्रिया! आलेखात दोन रेषा कात्रीसारख्या एकमेकींना छेदून गेल्यात. एकटे बसलेले लोक कौतुक मिळालं तर टिकतात. सोबत असलेले मात्र कौतुक न मिळताच जास्त टिकतात. इतके, की त्या चौथ्या गटातले काही जण मदतनीसने उठवलं तेव्हा उठले.

मॅडमनी चष्मा काढून पडद्याकडे पाहिलं. "हा तुझा प्रबंध," म्हणाल्या. मला त्यांच्यासमोरच रडू आलं. मार्चमध्ये नोंदणी संपते, त्याच्या आत सगळं लिहून होईल.

घरी सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "मग आता तरी वेळेवर जेवशील का?"

२० नोव्हेंबर

मदतनीस प्रत्येक वेळी ठरलेलंच बोलली का, हे तपासायला रेकॉर्डिंग ऐकायला घेतलंय. नियम माझाच. मॅडमनी मागितलेलंही नव्हतं. हौस!

२३ नोव्हेंबर

चौथ्या गटात एक आवाज येतो. दार बंद होतं, मदतनीस जाते, जरा वेळ शांतता. मग करर्रर्र.

हा आवाज मी ओळखते. याने माझे दात आंबतात.

२४ नोव्हेंबर

सगळं पुन्हा ऐकलं. "छान" म्हटलं त्या वेळी आवाज नाही. "छान" म्हटलं नाही त्या वेळी प्रत्येकदा करर्रर्र. एकदाही चूक नाही. माझी मदतनीसही इतकी काटेकोर नाही.

संध्याकाळी विचारलं. "आई, तुम्ही तिथे खुर्ची सरकवत होतात?"

"हो."

"का?"

"अगं, ती मुलगी कागद आपटून निघून जायची. पोराचं तोंड एवढंसं व्हायचं. मग मी जरा जवळ बसायचे."

"आई, नियम होते!"

"बोलायचं नाही. हात लावायचा नाही. खुणा करायच्या नाहीत. खुर्चीचं काही ठरलं नव्हतं."

ठरलं नव्हतं, हे खरं आहे. मी इतकी चिडले की जेवले नाही. म्हणजे तिथेही त्यांचंच खरं झालं.

२५ नोव्हेंबर

हे कोणाला कळायचं कारण नाही. रेकॉर्डिंग माझ्याकडे. आलेख सुंदर आहे. मॅडम खूश आहेत. प्रबंधात फक्त लिहायचं — 'सोबतीची व्यक्ती भिंतीजवळ स्थिर बसून होती.' एक वाक्य. व्याकरणाने निर्दोष.

२६ नोव्हेंबर

ते वाक्य लिहून पाहिलं. खोडलं.

२८ नोव्हेंबर

मॅडमना सांगितलं. त्यांनी आलेखाची फाइल बंद केली. मग म्हणाल्या, "सोबतीचे दोन्ही गट परत घे. दुसरं कोणी बसव."

विभागातल्या कारकुनाला बसवतेय. ते पंख्याखाली बसले की पंखा जास्त जिवंत वाटतो.

सासूबाईंना म्हटलं, आता यायची गरज नाही. "बरं," म्हणाल्या. मासिक परत ठेवून दिलं. मला वाईट वाटायला नको होतं, वाटलं.

१७ जानेवारी

नवे आकडे. कात्री गेली. दोन रेषा समांतर, रुळांसारख्या. चौथा गट सगळ्यात आधी उठतो.

मॅडम म्हणाल्या, "समांतर रेषांवरही प्रबंध होतो. पण एकटे बसलेले गट तेव्हाचे, सोबतीचे आताचे — अशी तुलना चालत नाही. चारही पुन्हा." मग डोळे चमकले. "आणि परत करायचंच आहे, तर तिसरा घटक घाल. खुर्ची. लांब आणि जवळ. आठ गट!"

"मॅडम, एकट्यांच्या गटात खुर्ची कोणाची?"

"रिकामी."

"ती सरकवणार कोण?"

"विचार कर," म्हणाल्या.

मुदतवाढीचा अर्ज टाकला. मिळाली तर आठ गट. नाही मिळाली तर नोंदणी रद्द, आणि पाच वर्षांचा हिशेब बंद.

९ फेब्रुवारी

उत्तर नाही.

सासूबाईंनी विचारलं, "ते खुर्चीवाल्या गटातले, ते खरंच जास्त वेळ बसले?"

म्हटलं, हो. दुपटीच्या आसपास.

"हं," म्हणाल्या आणि कपडे आत आणायला गेल्या.

१ मार्च

उत्तर नाही. मॅडम म्हणतात, उत्तर नाही म्हणजे नकार नाही. आमच्या विषयात असंच बोलतात.

१२ मार्च

दुपारी मेल आली. मुदतवाढ नामंजूर.

कोणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. घरी आले आणि सवयीने टेबलाशी बसले, पुढ्यात कोरा कागद. सासूबाईंनी स्वयंपाकघरातून एकदा पाहिलं, असं वाटलं.

जरा वेळ शांतता. मग मागून करर्रर्र.

शेजारी येऊन बसल्या. मी शेंगा फुटायची वाट पाहत होते. आवाज येईना म्हणून वळून बघितलं.

हातात मटार नव्हते. ताटच आणलं नव्हतं.

१३ मार्च

सकाळपर्यंत उठले नाही. आईही उठल्या नाहीत.